खारी हवा, गंजलेला बोल्ट: गाडीच्या पुल्या घरी काढायच्या आणि बसवायच्या कशा

देवगड, मालवण, हर्णै, अलिबाग, किनाऱ्यावरच्या कुठल्याही गावात चार-पाच पावसाळे काढलेली गाडी घ्या, पुढची चाकं पूर्ण वळवा आणि उजव्या चाकामागे बॅटरीचा उजेड मारा. इंजिनाच्या कडेला ज्या गोल चकत्यांवरून काळा पट्टा फिरतो, त्या पुल्या. घाटावरच्या गाडीत त्या करड्या दिसतात, आपल्याकडे तांबूस. पुल्या काढण्या-बसवण्याची जी माहिती सहज मिळते ती त्या करड्या पुल्यांसाठी लिहिलेली असते: बोल्ट फिरवा, पुली ओढा, नवी लावा. आपल्याकडे बोल्ट फिरत नाही, आणि जोर लावून फिरवलाच तर कधी कधी डोकं हातात येतं आणि धड आत राहतं. म्हणून पुढची माहिती पुलीइतकीच गंजाबद्दल आहे.

कोणती पुली स्वतः काढावी, कोणती सोडावी

सगळ्यात खाली आणि सगळ्यात मोठी असते ती क्रँकची, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याची, पुली. इंजिन तिला फिरवतं आणि ती बेल्टवाटे बाकीच्यांना फिरवते. वर अल्टरनेटर, पाण्याचा पंप, एसीचा कॉम्प्रेसर. जुन्या गाड्यांत पॉवर स्टिअरिंगचा पंपही असतो. आताच्या बहुतेक छोट्या गाड्यांत स्टिअरिंग विजेवर चालतं, त्यामुळे ती पुली नसते. शिवाय दोन पुल्या कशालाच फिरवत नाहीत. आयडलर फक्त बेल्टला वळण देतो आणि टेन्शनर त्याला ताणून धरतो. बहुतेक छोट्या गाड्यांत इंजिन आडवं असतं आणि हा सगळा पसारा उजव्या चाकाच्या बाजूला येतो. बोलेरोसारख्या गाडीत इंजिन उभं, म्हणून पुल्या समोर, रेडिएटरच्या मागे. तिथे हात घालायला जागा बरीच जास्त.

नवख्या माणसाने सुरुवात पाण्याच्या पंपाची पुली, आयडलर आणि टेन्शनर यांच्यापासून करावी. ही कामं साध्या गोटी (सॉकेट) पान्यांनी होतात आणि चूक झाली तरी नुकसान मर्यादित राहतं. अल्टरनेटरच्या पुलीसाठी अल्टरनेटर घरी उतरवावा आणि पुलीपुरता गॅरेजमध्ये न्यावा. एसीच्या पुलीपासून लांब राहावं. गॅस न सोडताही ती निघते हे खरं आहे, पण तिच्या क्लचमध्ये, म्हणजे पुली कॉम्प्रेसरला जोडणाऱ्या-सोडणाऱ्या भागात, पातळ चकत्या घालून एक मिलिमीटरपेक्षाही कमी फट राखलेली असते आणि ती चुकली की क्लच एकतर घासत राहतो किंवा पकडतच नाही. क्रँकची पुली घरी निघते, पण तिच्याबद्दल पुढे सविस्तर, कारण तिथे न काढण्याचाही निर्णय असू शकतो.

आवाज कुठून येतोय ते आधी शोधा

आवाज आला की लोक बेल्ट बदलतात, तरी आवाज राहिला की दुसऱ्या कंपनीचा बेल्ट आणतात. त्याआधी एक स्वस्त चाचणी करा. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, इंजिन चालू. लांब उभं राहून फवाऱ्याच्या बाटलीने बेल्टच्या खाचांच्या बाजूवर थोडं साधं पाणी उडवा. आवाज वाढला तर बेल्ट सैल आहे, घसरतोय. आवाज काही सेकंद थांबून परत आला तर एखादी पुली रेषेबाहेर आहे. पाण्याने काहीच फरक पडला नाही आणि घरघर चालूच राहिली तर एखाद्या पुलीचं बेअरिंग संपलं आहे. सैल बेल्टची चाचणी जुलैमध्ये पाऊसच करून देतो: पाण्यातून गाडी गेली की किंचाळायला लागते.

बेल्टवर साबण, मेणबत्ती, राळ, साखरेचं पाणी यांतलं काहीही लावू नका. आवाज आठवडाभर दबेल, त्या चिकट थरावर लाल धूळ बसेल, आणि मग बेल्ट आणि पुल्या दोन्ही घासल्या जातील.

वेळ, जागा आणि गाडी उचलणं

हे काम दिवाळीनंतर ते मे या काळात करावं. कोकणात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. त्या दिवसांत पॉलिश पेपरने घासून चकचकीत केलेलं लोखंड सकाळपर्यंत पुन्हा पिवळं पडतं. पावसाळ्यात करणं भागच पडलं तर घासलेल्या जागेला त्याच संध्याकाळी तेलाचा हात फिरवून ठेवा.

आता जागेचं. सारवलेल्या खळ्यात जॅक लावलात तर तो जमिनीत रुततो आणि तिरका होतो. खाली फणसाची किंवा ऐनाची जाड फळी ठेवा, निदान दीड इंच. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे. गाडी जॅकने उचलली की लगेच घोडीवर, म्हणजे जॅकस्टँडवर, टेकवा. जॅकवर उभ्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही.

आणि घोडी नाही म्हणून जांभ्याचा चिरा लावायचा नाही. घरोघरी गडग्याला चिरे पडलेले असतात, त्यामुळे हा मोह आपल्याकडे जास्त. भिंतीत चिऱ्यावर येणारा भार सगळ्या अंगावर सारखा पसरतो. गाडीचा भार मात्र दोन बोटांच्या जागेवर येतो, आणि सच्छिद्र दगड कुठलीही सूचना न देता फुटतो. सिमेंटच्या पोकळ ब्लॉकचंही तेच. घोड्यांची जोडी विकत घ्या, शेजाऱ्याकडून आणा, नाहीतर काम पुढे ढकला.

लुंगी नेसून हे काम करू नये. उन्हाळ्यात सगळे तसंच करतात हे ठाऊक आहे, पण चालू बेल्टजवळ सैल कापड नको. ओढणी, अंगठी, हातातला गोफ हेही काढून ठेवा. काम सुरू करताना बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवा. रेडिएटरचा विजेचा पंखा काही गाड्यांत चावी काढल्यावरही फिरू शकतो, आणि अल्टरनेटरच्या जाड तारेत कायम करंट असतो. इंजिन पूर्ण थंड झालेलं असू द्या.

हत्यारं

८ ते २२ पर्यंतच्या गोट्या, रॅचेट, एक लांब आणि एक आखूड एक्स्टेन्शन, लांब टॉमी (गोटी फिरवायचा दांडा), रिंग पाने, ॲलन कीचा संच, टॉर्क पाना (बोल्ट किती घट्ट झाला ते मोजणारा), वायर ब्रश आणि गंज सोडवणारा स्प्रे. गोट्या सहा कोनी घ्या. बारा कोनी गोटी चांगल्या बोल्टला चालते, पण गंजाने झिजलेल्या बोल्टचे कोपरे ती गोल करून टाकते, आणि कोपरे गेले की साधं काम वेल्डिंगवाल्याकडे जातं. टॉर्क पाना महाग वाटतो. चार मित्रांत मिळून एक घेतला तरी चालतो, पण त्याच्याशिवाय क्रँकचा बोल्ट घट्ट करू नका.

गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल मिळवा. मालकाला मिळणारं छोटं पुस्तक नव्हे, मेकॅनिकसाठी असतं ते. प्रत्येक बोल्ट किती घट्ट करायचा, कुठला पुन्हा वापरायचा नाही, हे त्यात लिहिलेलं असतं.

गंजाशी बोलणी

पाना लावण्याच्या आदल्या संध्याकाळी वायर ब्रशने प्रत्येक बोल्टचं डोकं आणि भोवतीची जागा साफ करा. गोटी गंजाच्या पापुद्र्यावर बसली तर ती अर्धीच बसते. मग स्प्रे मारा, झोपण्याआधी एकदा आणि सकाळी उठून एकदा. स्प्रे मारताना बेल्टवर आणि रबरावर फडकं टाका. घरी असतं म्हणून खोबरेल तेल ओतणारे आहेत. ते आट्यांत मुरत नाही, वर चिकट थर होऊन बसतं.

सकाळी बोल्टच्या डोक्यावर पितळी दांडा ठेवून हातोडीने सरळ चार-पाच बेताचे ठोके द्या. हेतू गंजाची पकड तडकवण्याचा आहे. हे फक्त छोट्या बोल्टांना. क्रँकच्या बोल्टवर हातोडी चालवायची नाही, आतल्या बेअरिंगला मार बसतो. यानंतर सोडवायच्या आधी बोल्ट किंचित घट्ट दिशेला हलवून बघा. बरेचदा तो उलट दिशेने आधी मोकळा होतो. सुटू लागला की एका दमात काढू नका. पाव फेरा बाहेर, थोडा आत, पुन्हा स्प्रे, पुन्हा पाव फेरा. आट्यांतला गंज चूर होऊन बाहेर पडायला जागा मिळते.

हाताला दोन गोष्टी वेगळ्या कळायला हव्यात. कर्र आवाज करून बोल्ट झटक्याने सरकला तर तो सुटतोय. आवाज न करता पाना मऊ झाल्यासारखा, रबर पिळल्यासारखा फिरू लागला तर बोल्ट पिळवटतोय आणि पुढच्या क्षणी तुटणार आहे. तिथे थांबा. पुन्हा स्प्रे मारा आणि उद्यावर टाका. एक रात्र गेली तरी हरकत नाही. तुटलेला बोल्ट ड्रिल करून काढायला त्याहून बराच वेळ आणि पैसे जातात.

पाण्याचा पंप बहुतेकदा ॲल्युमिनियमच्या घरात असतो आणि बोल्ट लोखंडी. खाऱ्या ओलाव्यात या दोन धातूंच्या सांध्यावर पांढरी भुकटी तयार होते. ती दिसली तर जोर आणखी कमी लावा, कारण इथे बोल्टआधी ॲल्युमिनियमच्या आट्या निघून येतात.

बेल्ट उतरवण्याच्या आधी

मोबाइलने फोटो काढा. वरून, बाजूने, चाकाच्या आतून. बेल्ट कुठल्या पुलीच्या वरून आणि कुठल्या खालून जातो याची आकृती पुष्कळ गाड्यांत बॉनेटखाली चिकटवलेली असते, पण खाऱ्या हवेत ती पुसून गेलेली सापडते. बेल्ट परत तोच लावणार असाल तर तो कुठल्या दिशेने फिरतो याचा बाण खडूने त्याच्या पाठीवर काढा. वापरलेला बेल्ट उलटा बसवला की आवाज करू शकतो.

त्याहून महत्त्वाचं: पाण्याच्या पंपाच्या पुलीचे बोल्ट बेल्ट ताणलेला असतानाच अर्धा फेरा सैल करा. ताणलेला बेल्ट पुलीला धरून ठेवतो. बेल्ट काढला की पुली हातात मोकळी फिरते आणि मग तिला पकडायला दुसरा माणूस, पट्ट्याचा पाना आणि शिव्या, तिन्ही लागतात.

जुन्या गाड्यांत, मारुती ८०० सारख्या, अल्टरनेटर एका खाचेच्या पट्टीवर सरकतो. खालचा बिजागरीचा बोल्ट आणि पट्टीचा बोल्ट सैल करून अल्टरनेटर इंजिनाकडे ढकलला की बेल्ट सुटतो. स्प्रिंगचा टेन्शनर असलेल्या गाडीत टेन्शनरवरच्या षटकोनी डोक्याला किंवा चौकोनी खाचेला लांब पाना लावून तो स्प्रिंगच्या विरुद्ध दिशेला फिरवा, बेल्ट वरच्या गुळगुळीत पुलीवरून सरकवा आणि पाना हळू सोडा. झटकन सोडला तर टेन्शनर बोटांवर आपटतो. काही टेन्शनरना एक भोक असतं. त्यात ॲलन की अडकवली की तो तिथेच थांबतो. काही गाड्यांत टेन्शनरच नसतो आणि बेल्ट ताणून बसवलेला असतो. तो कापूनच काढायचा आणि नवा बसवायचा, जुना परत चढवायचा नाही.

नवा बेल्ट आणताना जुना सोबत न्या. त्यावर ६ पीके १७५० असं काही छापलेलं असतं: ६ म्हणजे खाचांमधल्या रेघा, पीके हा रेघांचा प्रकार, १७५० म्हणजे मिलिमीटरमध्ये लांबी. दुकानदार गाडीचं नाव ऐकून देतो तो बेल्ट कधी कधी एसी नसलेल्या मॉडेलचा निघतो.

छोट्या पुल्या

बेल्ट निघाला की प्रत्येक पुली हाताने फिरवा, वर-खाली हलवा, आत-बाहेर ओढा. आयडलर आणि टेन्शनरची पुली नीरव आणि थोड्या जडपणे फिरायला हवी, कारण आत ग्रीस असतं. सायकलच्या चाकासारखी भरारा फिरत राहिली तर ग्रीस संपलं. खरखर लागली तर आत गंज किंवा वाळू. अशा पुलीचं बेअरिंग धुऊन त्यात ग्रीस भरण्याचा उद्योग नवख्याने करू नये, अख्खी पुली बदलावी. आयडलर एकाच बोल्टवर असतो. तो काढताना मागे चकती किंवा स्पेसर आहे का ते बघा आणि त्याच क्रमाने ठेवा. स्पेसर विसरला की पुली दोन-तीन मिलिमीटर आत बसते आणि नवाकोरा बेल्ट कडेने फाटतो. एखाद्या गाडीत हा बोल्ट उलट्या आट्यांचा असतो, म्हणून न सुटणाऱ्या बोल्टवर पाइप चढवण्याआधी मॅन्युअल बघा.

पाण्याच्या पंपाची पुली काढल्यावर पंपाचा दांडा हलवून बघा. खुळखुळला किंवा पंपाच्या खालच्या बारीक भोकापाशी कूलंटचा सुकलेला ओघळ दिसला तर पुलीबरोबर पंपही बदलायचा आहे. पुली निघाली असताना तो बघितला नाही तर महिन्याभराने हेच काम पुन्हा.

अल्टरनेटरची पुली साधी असेल तर मोठ्या नटावर असते, पण तो नट सोडवताना दांडाही फिरतो. गॅरेजमध्ये इम्पॅक्ट गनने तो काही सेकंदांत निघतो. बऱ्याच डिझेल गाड्यांत एकाच दिशेला मोकळी फिरणारी पुली असते. तिच्या टोकाला प्लॅस्टिकची टोपी आणि आत दातेरी खाच दिसते. तिला खास टूलच लागतं. अशी पुली दोन्ही दिशांना मोकळी फिरली किंवा दोन्ही दिशांना घट्ट असली तर ती गेली.

क्रँकची पुली

हिच्याआधी एक प्रश्न सोडवायचा. बऱ्याच गाड्यांत क्रँकच्या दांड्यावर एक छोटी लोखंडी की असते, पुली आणि टायमिंगचा, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांच्या हालचालींचा मेळ राखणारा, दातेरी गिअर तिच्यावर अडकतात, आणि पुली काढली तरी टायमिंग हलत नाही. पण फोर्ड आणि फोक्सवॅगन गटाच्या काही इंजिनांत टायमिंगचा गिअर कीवर नसून केवळ मधल्या बोल्टच्या दाबाने धरलेला असतो. तिथे बोल्ट सैल केल्या क्षणी टायमिंग सुटतं, आणि तसंच इंजिन चालू केलं तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. तुमच्या गाडीत की आहे असं मॅन्युअलमध्ये स्पष्ट दिसत नसेल तर ही पुली घरी काढू नका. टायमिंग लॉक करायचा संच असलेलं गॅरेज गाठा.

की असेल तर पुढे. उजव्या चाकाच्या आतलं प्लॅस्टिकचं कव्हर काढावं लागतं. त्याच्या क्लिपा उन्हाने आणि मिठाने ठिसूळ झालेल्या असतात, चार-पाच नव्या आणून ठेवा. मधला बोल्ट सोडवताना इंजिन फिरू नये म्हणून साध्या गिअरच्या गाडीत पाचवा गिअर टाका आणि कुणाला तरी आत बसवून ब्रेक जोरात दाबून धरायला सांगा. चाक काढलं असेल तर डिस्क जागेवर राहण्यासाठी चाकाचे दोन नट परत घट्ट करा. ऑटोमॅटिक गाडीत हा मार्ग नाही. तिथे पुली धरायचं टूल किंवा फ्लायव्हील लॉक लागतं.

सहा कोनी गोटी पूर्ण आत बसवा. टॉमीवर पाइप चढवून घड्याळाच्या उलट दिशेने सावकाश, वाढत जाणारा जोर द्या. धक्के देऊ नका. टॉमी जमिनीला अडकवून स्टार्टर मारायची एक युक्ती गावोगाव चालते. बोल्ट निघतो हे खरं, पण टॉमी निसटली तर ती कुणाच्या पायावर जाईल ते सांगता येत नाही, आणि की झिजते ती वेगळीच. बॅटरीवर चालणारी इम्पॅक्ट गन मिळाली तर या बोल्टसाठी ती सगळ्यात बरी. सोडवायलाच, घट्ट करायला नाही.

बोल्ट निघाला तरी पुली गंजाने दांड्यावर चिकटून बसते. पुलीच्या मागच्या बाजूने दोन पट्ट्या घालून उचकटू नका आणि बाहेरच्या कडेला हातोडी मारू नका. पुष्कळ गाड्यांत ही पुली दोन कड्यांची असते, आतलं कडं आणि बाहेरचं कडं, मध्ये रबर. इंजिनाचे हादरे ते रबर पितं. तीन पायांचा पुलर (पुली ओढून काढायचं हत्यार) बाहेरच्या कडेला लावून ओढलात तर रबर सुटतं. आतल्या कड्याला आट्यांची दोन-तीन भोकं असतील तर त्यांत बोल्ट घालून ओढणारा पुलर वापरा. पुलरचा मधला स्क्रू क्रँकच्या आट्यांवर टेकू नये यासाठी मध्ये जाड चकती किंवा बोथट तुकडा ठेवा. पुली आणि दांड्याच्या सांध्यात स्प्रे मारून तासभर थांबलात तर पुष्कळदा हाताने हलवूनही ती निघते. गॅसची ज्योत इथे नको, रबर आणि मागचं ऑइल सील (तेल अडवणारं कडं) दोन्ही जळतात.

पुली बाहेर येताना की खाली पडू शकते. गाडीखाली आधीच पांढरं फडकं पसरून ठेवा. तांबड्या मातीत पडलेली की शोधण्यात दुपार जाते. पुली बाहेर असेपर्यंत क्रँक फिरवू नका.

साफसफाई आणि तपासणी

पुली उजेडात धरा. मधल्या रबराला भेगा आहेत का, कुठे फुगलं आहे का, बाहेरचं कडं आतल्यापेक्षा सरकलं आहे का ते बघा. यातलं एकही असेल तर पुली बदला. खाचांमधला गंज वायर ब्रश आणि बारीक पॉलिश पेपरने घालवा, पण धातू खरवडू नका. खाचेच्या तळाशी खड्डे पडले असतील तर तो गंज नवा बेल्ट खाणारच. खाचांना रंग देऊ नका, पुली जिथे दांड्यावर टेकते त्या आतल्या भागालाही नाही. काही पुल्यांच्या मागे सेन्सरसाठी दातेरी कडं असतं. तिथे ब्रशचा जोर नको, चुंबक तर अजिबात नको.

पुलीच्या मागे क्रँकचं ऑइल सील असतं. भोवती तेलाचा चिकटा दिसला तर ते आत्ताच बदला. पुलीच्या मानेवर, जिथे सीलचा ओठ घासतो, तिथे नखाला लागेल अशी चर पडली असेल तर नवं सीलही गळेल.

बसवताना

इथे घाई होते. संध्याकाळ झालेली असते, डास यायला लागतात, आणि मग बोल्ट "हाताच्या अंदाजाने" घट्ट केले जातात.

दांडा स्वच्छ पुसा, तेलाचा पातळ हात द्या, सीलच्या ओठालाही तेल लावा. की जागेवर, खाच कीच्या समोर, आणि पुली सरळ आत सरकवा. हातोडीने ठोकू नका. ठोक्याचा मार क्रँकच्या बेअरिंगवर जातो. शेवटचं थोडं अंतर घट्ट जात असेल तर थांबून कीची जागा पुन्हा बघा. बोल्टच्या दोन-चार आट्यांच्या जोरावर पुली आत ओढायला गेलात तर क्रँकच्या आतल्या आट्या निघतात, आणि त्या दुरुस्तीचा खर्च वेगळाच.

क्रँकचा बोल्ट मॅन्युअलमधल्या आकड्यालाच घट्ट करायचा. छोट्या गाड्यांत तो साधारण १०० ते २०० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो. अंदाज यावा म्हणून सांगायचं तर एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला १५ किलो वजन टांगलं की साधारण १४७ न्यूटन-मीटर होतात. काही इंजिनांत आधी ठरावीक टॉर्क आणि वर ठरावीक अंश फिरवायचं असतं. असा बोल्ट ताणला जाण्यासाठीच बनवलेला असतो आणि तो दर वेळी नवा लागतो. या बोल्टच्या आट्यांना तांब्याचं ग्रीस लावायचा मोह खाऱ्या हवेत होणारच, पण मॅन्युअल सांगत नसेल तर लावू नका. ग्रीस लावलेल्या आट्यांवर तोच आकडा प्रत्यक्षात जास्त ताण देतो.

पंपाच्या पुलीचे छोटे बोल्ट बरेचदा १० च्या गोटीचे असतात, म्हणजे ६ मिलिमीटर जाडीचे. त्यांना साधारण १० न्यूटन-मीटर पुरतात. लांब पाना लावलात तर तुटतील. बेल्ट चढवण्याआधी बोटांनी बसवा, बेल्ट ताणल्यावर समोरासमोरचे आळीपाळीने घट्ट करा.

बेल्ट चढवताना प्रत्येक पुलीवर सगळ्या रेघा खाचेत आहेत का ते एकेक करून बघा. एक रेघ बाहेर राहणं ही नवख्यांची सगळ्यात नेहमीची चूक, आणि ती खालच्या क्रँकच्या पुलीवर होते, कारण ती दिसत नाही. मोबाइलचा कॅमेरा चाकाच्या आत घालून फोटो काढा. हाताने ताणायच्या जुन्या व्ही-बेल्टवर दोन पुल्यांच्या मध्यावर अंगठ्याने दहा किलोच्या आसपास जोर दिला की तो सहा ते दहा मिलिमीटर दबावा. फार ताणलात तर अल्टरनेटर आणि पंपाची बेअरिंग लवकर जातात. एक सरळ पट्टी दोन पुल्यांच्या तोंडावर टेकवून त्या एका रेषेत आहेत का तेही बघून घ्या.

मग गिअर न्यूट्रल, क्रँकच्या बोल्टवर पाना, आणि इंजिन चालतं त्याच दिशेने हाताने दोन पूर्ण फेरे. उलट दिशेने फिरवू नका. काही इंजिनांत टायमिंगचा ताण सुटतो. कुठे अडकलं तर तिथेच थांबून कारण शोधा. सगळं सुरळीत असेल तर पाने मोजून परत डब्यात टाका, बॅटरीची तार जोडा, पाच सेकंद इंजिन चालवून बंद करा आणि बेल्ट जागेवर आहे ना ते बघा. नंतर पाच मिनिटं चालवा, एसी लावून आणि दिवे लावून. आवाज नाही, बॅटरीचा लाल दिवा विझलेला, तापमानाचा काटा जागेवर, तर चाक आणि कव्हर बसवा. हाताने ताणलेला नवा बेल्ट शंभरेक किलोमीटरनंतर थोडा सैल होतो, तेव्हा ताण पुन्हा तपासा.

वाळू, पूर आणि वर्षभर उभी गाडी

कर्दे, मुरूड, गुहागर, जिथे जिथे वाळूवर गाडी नेता येते तिथे लोक नेतातच. लाटेचं पाणी पुल्यांवर उडालं असेल तर त्याच दिवशी साध्या पाण्याच्या हळू धारेने चाकाच्या आतला भाग धुवा. जोरदार प्रेशरची धार बेअरिंगच्या सीलवर मारू नका, मीठ धुतलं जाण्याऐवजी आत ढकललं जातं. पुरात बुडालेल्या गाडीचं तसं नाही. २०२१ च्या जुलैमध्ये वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं तसं पाणी गाडीत गेलं, तर त्यातला बारीक गाळ बेअरिंगमध्ये जातो. सुरुवातीला आवाज येत नाही, काही आठवड्यांनी येतो. अशा गाडीचे आयडलर, टेन्शनर आणि बेल्ट आवाजाची वाट न बघता बदलावे.

आणि गणपती ते गणपती मांगरात उभी असणारी चाकरमान्यांची गाडी. तिच्या पुल्यांवर बेल्ट टेकतो तेवढी जागा सोडून बाकी सगळीकडे गंज चढतो, आणि सणाच्या आदल्या दिवशी चालू केली की तो गंज कानशीसारखा बेल्टवर फिरतो. गावात कुणी असेल तर त्याला पंधरा दिवसांतून एकदा गाडी दहा मिनिटं चालवायला सांगा. कुणीच नसेल तर आल्यावर चावी लावण्याआधी बॉनेट उघडा, उंदराने बेल्ट कुरतडला नाही ना ते बघा, दिसणाऱ्या खाचा कोरड्या ब्रशने झटका, आणि क्रँकच्या बोल्टवर पाना लावून इंजिन थोडं थोडं फिरवत बाकीच्याही झटका.